वारली छापता, मग पाड्यावर जा

हस्तकला मासिकांना नमुने आणि लेखक कसे मिळतात, यावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांतून निवड होते म्हणे. पण जो फोटो पाठवतच नाही, त्या कारागिराचे काय? ‘घरच्या घरी वारली’ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात असतेच. साहित्य ठरलेले: ॲक्रिलिक रंग, शून्य नंबरचा ब्रश. तांदळाचे पीठ, डिंकाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी यांचा पत्ता नसतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. वारली पाड्यांचे डहाणू तर मुंबईहून लोकलने गाठता येते. संपादकांनी तिथे जावे, चित्र काढणाऱ्याच्याच नावाने कृती छापावी आणि (हे बहुधा राहूनच जाते) मानधनही द्यावे.

– एक वाचक, ठाणे