उजव्या छातीवरची पदके

प्रिय बंडोपंत,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या पत्रांची उत्तरे राहिली आहेत आणि तू रागावला असशील. तो राग तूर्त बाजूला ठेव, कारण जे घडले आहे ते तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यात अर्थ नाही. घरी सांगितले तर ‘जुन्या कपड्यांचा नाद’ एवढेच ऐकावे लागते. माझी प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे.

आक्कांच्या माजघरातला, त्यांच्या आजोबांचा म्हणून लावलेला तो फोटो तुला आठवतच असेल. सुट्टीत आपण त्याच्याखालीच जेवायला बसत होतो आणि वाळलेला हार उतरवण्याचे काम तुझ्याकडे असे, कारण तू उंच. तोच फोटो आता गावातल्या नव्या स्मारकाच्या शिळेवर कोरायचा आहे. आक्कांचा नातू या कामामागे हात धुऊन लागला आहे आणि ‘गणवेश त्या काळचाच आहे’ अशा दोन ओळी त्याला माझ्याकडून लेखी हव्या आहेत. खालचा मजकूर ठरलेला आहे: ११७ व्या मराठा पलटणीचे शिपाई, कुतच्या वेढ्यात १९१६ साली धारातीर्थी पडले. (कुत म्हणजे आताच्या इराकातले.)

आजोबांच्या, डब्यातल्या पदकांबद्दल मला शंका नाही. स्टारच्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या, पाठीवर आणि दोन्ही गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली आहे, जुनी अक्षरे घासून नवी कोरल्याची खूण कुठेही नाही, आणि पलटणीच्या नावात ‘रॉयल’ नाही, जे योग्यच आहे, कारण तो मान तिला १९२१ साली मिळाला. घोटाळा आहे तो फोटोचा. त्यातल्या माणसाच्या छातीवर तीच तीन पदके आहेत. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही दोन्ही पदके १९१९ साली सुरू झाली; २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा ती कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणजे आजोबांनी स्वतःची पदके पाहिलीच नाहीत, मग ती लावून फोटोला उभे कसे राहतील? अर्थात आपण तिथे जेवत होतो तेव्हा आपले लक्ष पदकांपेक्षा आमटीकडे असे.

शिवाय ती पदके उजव्या छातीवर आहेत. आता तू म्हणशील, निगेटिव्ह उलटी छापली. म्हणशीलच, जुन्या बाजारातल्या त्या घोडेस्वाराची तलवार उजव्या कमरेला सापडल्यापासून जगातला प्रत्येक फोटो तुला उलटाच दिसतो, आणि त्यावरून आपण एक अख्खा पावसाळा अबोला धरला होता. (माझ्या बिगुलाच्या बिल्ल्याला ब्रासो लावून त्याचा शंभर वर्षांचा रंग कुणी उतरवला, तो विषय मी आज काढत नाही.) पण इथे शर्टाची डावी पट्टी उजवीवर आली आहे, आणि भिंगातून पाहिल्यास स्टारवरचे १९१४-१५ हे आकडे सरळ वाचता येतात. गेलेल्या बापाची पदके मुलाने उजव्या छातीवर लावावीत, ही पद्धत तुला ठाऊक आहे. गणवेशावर ते नियमात बसत नाही, पण स्टुडिओत तपासायला कोणता सुभेदार येतो?

मी नातवाला फ्रेम उघडायला लावली. लंबगोल माउंट, म्हणजे फोटोवरचा पुठ्ठा, काढल्यावर दोन्ही बाह्या दिसल्या. दंडावर नाईकच्या दोन फिती, आणि त्यांच्या वर, खांद्याजवळ, गडद चौकोनात तीन फिकट पाने, प्रत्येकाला चार दले. तो गडद रंग मुळात लाल, कारण ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळाच उतरतो, पाने पिवळी. ही खूण आठव्या इंडियन डिव्हिजनची, आणि ती डिव्हिजन उभी राहिली १९४० साली, म्हणजे फोटो त्याआधीचा नाहीच. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये इटलीत होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती ९ एप्रिल १९४५ ची सेनिओ नदीवरची लढाई हिचीच. टोपीवरचा बिल्ला पाहून रेजिमेंटचे पक्के झाले असते, तर या गृहस्थांनी टोपी हातात धरली आहे आणि बिल्ला नेमका बोटांखाली दाबला आहे.

त्या घरातून इटलीला गेलेला माणूस एकच, हे तुला सांगायला नको. परत आले, हिस्सा मागितला, तो विहिरीसकट परक्याला विकून मुंबईला गेले, आणि त्यानंतर त्यांचे नाव काढायचे नाही असा दंडकच पडला. ‘धाकट्या काकांचा एक फोटो म्हणून घरात ठेवला नाही,’ असे आक्का अजून ठसक्यात सांगतात, आणि तेही त्यांनाच हार घालता घालता.

माझी झोप उडाली आहे ती याच्या पुढच्या विचाराने. हा फोटो आजोबांचा, असे आक्कांना त्यांच्या आजीने सांगितले. आजीला आपला नवरा आणि आपला धाकटा मुलगा यांतला फरक कळत नव्हता, हे मानायला मी तयार नाही. माउंट बाही सुरू होते तिथेच कापला आहे. चेहरा मधोमध यावा म्हणून फ्रेमवाले असे करतातच, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तुझ्याआधी मीच म्हणून ठेवतो. तरीही, घरातून हद्दपार झालेल्या मुलाला भिंतीवर ठेवण्यासाठी त्या बाईने नवऱ्याचे नाव पुढे केले असेल, तर इतकी वर्षे टिकलेली तिची युक्ती भिंग घेऊन मोडणारा मी कोण? दुसरीकडे, कुतचा शिपाईही कुणीतरी होताच की. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावेसुद्धा कोरली नाहीत. गावाने इतक्या वर्षांनी शिळा उभारावी आणि तिच्यावर चेहरा मात्र दुसऱ्याचा असावा, हे मला सहन होत नाही. पदकाच्या कडेवर आहे तेवढेच, म्हणजे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, शिळेवर कोरावे आणि फोटो माजघरातच राहू द्यावा, असे माझे मत आहे. पण नातू कारण विचारणार, आणि ते कारण आक्कांच्या कानावर जाणारच. लेखी दोन ओळी मी देणार नाही, एवढे नक्की.

आक्का माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतात; हार बदलणाऱ्याचा मान मोठा. दसऱ्याच्या आत शिळा कारागिराकडे जायची आहे, तेव्हा तू त्याआधी यावेस. मोतीबिंदू काढलास हे कळले, फार बरे झाले. सूनबाईंच्या बदलीचे काय झाले ते कळव, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला आलो नाही याबद्दल वहिनींकडे माझी रदबदली कर. येताना तुझे दहापटीचे भिंग आण. टोपीवरच्या बोटांच्या फटीतून बिल्ल्याची कड दिसते असे मला वाटते आणि माझ्या भिंगाला ओरखडा आहे. याबद्दल फोनवर मात्र अवाक्षर काढू नकोस, आमच्याकडे स्पीकर लावून बोलतात आणि नातवाचे आमच्या चिरंजीवांशी रोज बोलणे होते.

तुझा,
अण्णा