आधी तपासणी, मग पथ्य

संपादक महोदय,

पोट सतत फुगलेले, अधूनमधून कळा, कधी जुलाब तर कधी दोन-दोन दिवस शौचाला साफ नाही, आणि सोनोग्राफीपासून रक्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. अशा माणसाला आरोग्यविषयक सदरांतून, समाजमाध्यमांतून आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून एक सल्ला हमखास मिळतो: महिनाभर गहू सोडून बघा, दूध बंद करून बघा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. क्रम मात्र चुकलेला असतो. तो क्रम वाचकांपर्यंत पोचावा यासाठी हे पत्र.

गव्हापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथेच होते. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे ज्यांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते त्यांना सीलिॲक हा आजार असतो. त्याची पहिली तपासणी साध्या रक्ताची आहे: टीटीजी-आयजीए हे प्रतिपिंड, आणि सोबत एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार). ही दुसरी तपासणी बरेचदा राहून जाते. काहींच्या शरीरात आयजीएच मुळात कमी बनते. सीलिॲकच्या रुग्णांत असे २ ते ३ टक्के असतात, आणि त्यांचा टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल दिसतो. आता मुख्य अडचण. ही प्रतिपिंडे ग्लूटेन पोटात जात असेपर्यंतच रक्तात टिकतात. गहू सोडला की ती हळूहळू उतरतात आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. मग रक्ततपासणी आणि एंडोस्कोपीत घेतलेले तुकडे, दोन्हींवरचा भरवसा जातो. अशा वेळी निदानासाठी पुन्हा गहू सुरू करावा लागतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन, आणि तेही किमान ६ आठवडे. नुकते कुठे बरे वाटू लागलेल्या माणसाला हे सांगणे कठीण, आणि त्याने ते पाळणे त्याहून कठीण. गहू आधीच सोडलेल्यांसाठी एक वाट उरते: एचएलए-डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकीय तपासणी. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ नक्कीच नाही. असतील तर त्यावरून निदान होत नाही, कारण ही जनुके निरोगी लोकांतही भरपूर आढळतात.

निदान नेमके हवे याचे कारण पुढचे आयुष्य त्यावर ठरते. सीलिॲक असेल तर पथ्य जन्मभराचे आणि कणाकणाचे, हाडांची व लोहाची तपासणी आणि आई-वडील, भावंडे, मुले यांचीही रक्ततपासणी. नसेल तर एवढ्या कडकपणाची गरजच नाही.

गहू सोडल्यावर बरे वाटले म्हणजे ग्लूटेनच बाधत होते, असेही नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची कर्बोदके असतात. माणसाच्या लहान आतड्यात ती पचतच नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीलिॲक नसलेल्या पण ग्लूटेन सोडून बसलेल्या ५९ जणांना काय दिले जात आहे हे न सांगता ग्लूटेन, फ्रुक्टन आणि दोन्ही नसलेला पदार्थ आळीपाळीने देण्यात आला. जास्त त्रास फ्रुक्टनने झाला. कांदा आणि लसूण यांतही फ्रुक्टनच असते. त्यामुळे गहू सोडून कांदा-लसूण चालू ठेवणाऱ्याला थोडासाच उतार पडतो आणि तो कोड्यात पडतो.

दुसरी गफलत वेळेची. जेवून उठताच पोटात कळ आली की माणूस ताटातल्या पदार्थाला दोष देतो. पण जठर भरू लागले की मोठे आतडे आकुंचन पावते, ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे. संवेदनशील आतड्याच्या माणसात ती जोरात होते. जेवण मोठे आणि तेलकट असेल तर आणखी जोरात. त्या कळेचा संबंध जेवणाच्या आकाराशी असू शकतो, पदार्थाशी असेलच असे नाही. घट्ट जेवण मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास किंवा अधिक लागतात. रिकाम्या पोटी घेतलेले पेलाभर दूध अर्ध्या ते दोन तासांतही पोचते. म्हणजे रात्रीच्या गुबाऱ्याचे मूळ बरेचदा दुपारच्या जेवणात असते. हा हिशेब न धरता ‘शेवटचे काय खाल्ले’ एवढेच पाहत गेले, की दर आठवड्याला एक पदार्थ बाद होत जातो आणि त्रास तिथेच राहतो.

म्हणून काहीही सोडण्याआधी दोन आठवडे वही ठेवावी. वेळ, पदार्थ आणि मोजलेले प्रमाण. ‘थोडेसे’ हा शब्द वहीत नको, वाटी किंवा चमचा लिहावा. त्रास कधी सुरू झाला आणि ० ते १० मध्ये किती. शौचाचा प्रकार ब्रिस्टल तक्त्यानुसार: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ व सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. शेजारी झोप, ताण, मासिक पाळी आणि औषधे. औषधांचा रकाना चुकवू नये. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधे यांनी जुलाब होतात. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते. साखरविरहित च्युइंगम आणि गोळ्यांतले सॉर्बिटॉल हे गोडी आणणारे द्रव्यही लिहावे. दिवसाला १० ग्रॅम सॉर्बिटॉल पोट फुगवायला पुरते, २० ग्रॅमने जुलाब होऊ शकतात. पित्ताशय काढल्यानंतर पाण्यासारखे जुलाब सुरू झाले असतील तर ते पित्ताम्लांमुळे असू शकतात. त्यावर वेगळे औषध आहे, पथ्याने ते जाणार नाहीत.

सीलिॲक नाही असे ठरले आणि डॉक्टरांनी आतड्याच्या संवेदनशीलतेचे (आयबीएस) निदान केले, की मग फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबणारी कर्बोदके, कमी करण्याच्या पथ्याचा विचार करावा. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ते विकसित झाले. त्याचे तीन टप्पे आहेत, आणि लोक पहिल्यावरच थांबतात. पहिला टप्पा २ ते ६ आठवड्यांचा: गहू, कांदा, लसूण, कडधान्ये, दुधातली लॅक्टोज ही साखर, मध, सफरचंद, नाशपाती, मश्रूम, फ्लॉवर असे आंबणारे पदार्थ कमी करायचे. ६ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हे पथ्य आपल्यासाठी नाही. ते आणखी कडक करू नये, सोडून द्यावे.

फरक पडला तर दुसरा टप्पा, आणि खरी माहिती यातच मिळते. बाकी जेवण पथ्याचेच ठेवून एका वेळी एकच गट परत आणायचा. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी ६० मिलिलिटर दूध, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०. त्रास झाला की तिथेच थांबायचे, आकडा लिहून ठेवायचा, पोट दोन-तीन दिवस शांत होऊ द्यायचे आणि पुढचा गट घ्यायचा. फ्रुक्टनची चाचणी गहू, कांदा आणि लसूण यांच्यासाठी वेगवेगळी करावी. गहू सोसतो पण लसूण सोसत नाही असे अनेकांचे असते. एकाच दिवशी दूध आणि कांदा आणला तर त्या दिवसाची नोंद वाया गेली. तिसऱ्या टप्प्यात जे सोसले ते सगळे रोजच्या जेवणात परत, आणि जे बाधले ते बाधणार नाही इतक्या प्रमाणात. लसणाची चव हवी असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. रश्शातून पाकळी काढून मात्र उपयोग नाही, ते आधीच पाण्यात उतरलेले असते.

पहिला टप्पा महिनोन्महिने चालवणे धोक्याचे आहे. तंतुमय पदार्थ आणि कॅल्शियम कमी पडते, आतड्यातले उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया घटतात आणि माणसाला खाण्याचीच भीती बसते. वाढत्या वयातली मुले, गरोदर स्त्रिया, वजन आधीच कमी असलेले लोक आणि खाण्याच्या विकारातून गेलेले कोणीही हे स्वतःच्या मनाने करू नये.

दुधाबद्दल थोडक्यात. लॅक्टोज पचवणारे विकर जगातल्या बहुसंख्य प्रौढांत वयानुसार कमी होते. तरीही अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, जेवणाबरोबर सोसते. दह्यात आणि मुरवलेल्या चीजमध्ये ते कमी असते. खात्री हवी असेल तर हायड्रोजन श्वासचाचणी करता येते. त्याआधीचे ४ आठवडे अँटिबायोटिक घेतलेले नसावे, नाहीतर निकाल फसवा येतो.

‘शंभर पदार्थांची असहिष्णुता तपासणी’ म्हणून रक्तातील आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. आयजीजी हे तो पदार्थ खाण्यात आहे याची खूण आहे, तो बाधतो याची नव्हे. युरोपीय ॲलर्जी अकादमीने २००८ मध्येच या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असे स्पष्ट केले आहे. जो पदार्थ रोज खाता तोच त्या यादीत लाल रंगात येतो, यात नवल नाही. खऱ्या ॲलर्जीचा संबंध आयजीई या आणखी वेगळ्या प्रतिपिंडाशी असतो आणि ती बहुधा मिनिटांत ते दोन तासांत दिसते: अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, धाप. असे एकदाही झाले असेल तर तो पदार्थ घरी ‘थोडासा खाऊन’ पाहू नये.

शौचातून रक्त, न ठरवता घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, गिळायला त्रास, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला बदल किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग: यांपैकी एकही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आतड्याला सूज आहे का, हे विष्ठेतल्या कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनावरून बरेचसे कळते. ते नॉर्मल असेल तर सूज असण्याची शक्यता बरीच कमी होते. काही वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा वाढतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे.

आपल्याला विनंती एवढीच: गहू किंवा दूध सोडण्याचा सल्ला देणारा कोणताही लेख छापताना त्यात दोन वाक्ये असावीत. गहू सोडण्याआधी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासून घ्या. आणि पथ्य सुरू करताच ते पदार्थ परत खाऊन पाहण्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ