उपाध्यक्ष निवडायला जनगणना लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला आरक्षणाचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. तेव्हा २०२४ ची निवडणूक आरक्षणाविनाच झाली आणि ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. २०१९ मध्ये ७८ होत्या. महाराष्ट्रातही ४८ खासदारांत आठच्या सात झाल्या. यावर आपल्या अंकात पुष्कळ छापून आले आहे. मला लिहायचे आहे ते लोकसभेच्या उपाध्यक्षपदाबद्दल. ते भरायला ना जनगणना लागते ना पुनर्रचना.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ९३ नुसार लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडायचे असतात. सतराव्या लोकसभेने २०१९ ते २०२४ अशी अख्खी मुदत उपाध्यक्षाशिवाय काढली. असे याआधी कधीच झाले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली, तरी ढिम्म. जून २०२४ मध्ये अठरावी लोकसभा आली, ओम बिर्ला पुन्हा अध्यक्ष झाले, उपाध्यक्षपद पुन्हा तसेच राहिले.

‘उपाध्यक्ष नसला म्हणून काय अडतंय? तालिका अध्यक्ष असतात की!’ असे म्हणणारे भेटतात. (तालिका अध्यक्ष म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्ष नसताना तात्पुरते आसनावर बसणारे सदस्य.) निदान महाराष्ट्रात तरी हे कुणी म्हणू नये. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला आणि विधानसभा पुढे जवळजवळ दीड वर्ष अध्यक्षाविना राहिली. त्यातच जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झाले. सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडून. त्या नोटिसा योग्य की अयोग्य यावर वाद घालणारे घालोत, पण हे पद शोभेचे नाही हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. तिकडे विधान परिषदेत रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि नवे सभापती राम शिंदे आले ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात सभागृह सांभाळले उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी. (सभापती निवडायलाच एवढा उशीर का, हा वेगळा संताप. आपणही काही फार सोवळे नाही.)

दिल्लीतही असे प्रसंग आले आहेत. मार्च २००२ मध्ये लोकसभा अध्यक्ष बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होते. मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी कामकाज पाहिले. सरकार वाजपेयींचे होते आणि सईद होते काँग्रेसचे! २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपद आणि त्यासोबत येणारे राज्यसभेचे सभापतिपद सोडले, तेव्हा राज्यसभेचे अडले नाही, कारण उपसभापती हरिवंश होते. तालिका अध्यक्षांना अध्यक्ष नेमतात, सभागृह नव्हे. उपाध्यक्ष सभागृह निवडते आणि त्याला हटवायचे तर चौदा दिवसांची नोटीस देऊन सभागृहाचे बहुमत मिळवावे लागते. खुद्द अध्यक्षांना राजीनामा द्यायचा झाला तर तो उपाध्यक्षांकडे द्यायचा असतो. उपाध्यक्षच नसेल तर कुणाकडे?

आता महिलांविषयी. मीरा कुमार आणि सुमित्रा महाजन या दोघी लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. सुमित्राताई मूळच्या चिपळूणच्या, इंदूरमधून आठ वेळा निवडून आलेल्या. पण १९५२ पासून लोकसभेला एकही महिला उपाध्यक्ष मिळालेली नाही. राज्यसभेत व्हायोलेट अल्वा १९६२ मध्येच उपसभापती झाल्या, पुढे नजमा हेपतुल्ला आणि आमच्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील. हेपतुल्ला यांची १९८८ ते २००४ ही सलग कारकीर्द तर नवलाचीच म्हणायची. याउलट २०२३ मध्ये राज्यसभेत आरक्षण विधेयकाच्या चर्चेच्या दिवशी तेरा महिला सदस्यांना पीठासीन तालिकेवर घेण्यात आले. छायाचित्रे छान आली. मला अशा एका दिवसाच्या मानापेक्षा पाच वर्षांची जबाबदारी बरी वाटते.

एक महिला उपाध्यक्ष झाल्याने ७४ च्या ७५ होणार नाहीत, हे मलाही कळते. पण कोणी बोलावे, कोणाचा माईक बंद व्हावा आणि कोणता प्रस्ताव दाखल करून घ्यावा, हे त्या आसनावरून ठरते.

नियमाप्रमाणे उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीची तारीख लोकसभा अध्यक्षांनी ठरवायची असते. म्हणजे चेंडू ना न्यायालयाकडे आहे ना जनगणना आयुक्तांकडे. महाराष्ट्रातून गेलेल्या सात महिला खासदार तीन पक्षांच्या आहेत. रक्षा खडसे मंत्री आहेत, त्यांना सही करणे अवघड जाईल. उरलेल्या सहा जणींनी, म्हणजे आमच्या स्मिता वाघ, सुप्रिया सुळे, वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, प्रतिभा धानोरकर आणि शोभा बच्छाव यांनी, तारीख जाहीर करण्याची मागणी करणारे एकच पत्र अध्यक्षांना द्यावे. विरोधी पक्षाला हे पद देण्याचा प्रघात पाळायचा की नाही, यावर त्यांचे एकमत होणार नाही. न होवो. तारीख तरी मागा.

आपली,
एक वाचक, भुसावळ