त्या एका 'पण'विषयी

नागपूर,
१२ मार्च

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी नागपूरला बदली पक्की झाल्याचे वाचून फार आनंद झाला. पत्राचा अर्धा भाग मात्र तू मुलाच्या शाळेच्या चिंतेने भरला आहेस आणि शेवटी विचारले आहेस, "कार्पोरेशनच्या शाळेत घातले, हे लोकांना सांगितलेस तरी कसे?" म्हणून तेच आधी लिहितो.

गेल्या वर्षी मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आम्हा दोघांना एका खाजगी शाळेने 'इंटरॅक्शन'ला बोलावले होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही आणि पहिल्या खेपेला २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मला पाठ होते. तरीही त्या मऊ खुर्चीत बसल्यावर ते कलम तोंडातून निघाले नाही, उलट घरी इंग्रजी किती बोलता, या प्रश्नावर मी चक्क थाप मारली. परतताना स्कूटरवर मागून ही म्हणाली, "आपण नापास झालेल्या पोरांसारखे का बसलो होतो?"

घरापासून सात मिनिटांच्या पायवाटेवर कार्पोरेशनची शाळा होती, ती आम्ही त्यानंतर पाहिली. पहिलीत अठ्ठावीस मुले होती, गणित इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून होते, आणि बाईंना प्रत्येक मुलाचे घर ठाऊक होते. उणिवाही आहेत, त्या तुझ्यापासून लपवत नाही. कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना जुंपू देते, त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत बाई वर्गात कमी आणि मतदार याद्यांत जास्त होत्या. तेव्हा महिनाभर मुलीला वाचायला घरी मीच बसवले.

आता लोकांविषयी. महाल भागातल्या एका लग्नात मोठ्या भाऊजींनी मला पंगतीतून बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पैशाची अडचण असेल तर संकोच करू नका." त्यांच्या मनात कपट नव्हते, म्हणूनच उत्तर सुचेना. आत्याने तर आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांच्या लॉटरीत अर्ज भरायला सुचवले; दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि आपण तो दाखला आणायचा कुठून, असे विचारले, तर "सगळेच आणतात" म्हणाली. याउलट ऑफिसातले एक सद्गृहस्थ भेटेल तिथे माझे कौतुक करतात, जणू मी मुलगी शाळेत घातली नसून चळवळीला वाहिली आहे. खरे सांगतो, दयेपेक्षा हे कौतुक मला अधिक जड गेले.

या सगळ्यांना तोंड देता देता मला एक खोड लागली. कुणी शाळा विचारली की मी म्हणायचो, "कार्पोरेशनची आहे, पण सेमी-इंग्रजी आहे", समोरचा जरा थांबला की "पण बाई फार चांगल्या आहेत." दिवाळीत शेजारच्या काकूंनी मुलीला चकली देत शाळा विचारली, तेव्हा तिने चकली मोडत, अगदी माझ्याच चालीत सांगितले, "कार्पोरेशनची आहे, पण चांगली आहे." तिला शाळेत दुपारी रांगेत बसून ताटलीतली खिचडी खाणे आवडते, मैत्रिणी आवडतात, त्या 'पण'चे तिला काहीच कारण नव्हते. तो तिने माझ्याकडून उचलला होता.

त्या दिवसापासून मी शाळेचे नाव सांगतो आणि थांबतो. पुढचे काही क्षण अवघड जातात, समोरच्यालाही आणि मलाही. भाऊजींना मात्र घरी बोलावून नीट सांगितले, कारण ते आपले आहेत आणि त्यांनी प्रेमाने विचारले होते. पाचवीनंतर शाळा बदलावी लागली तर बदलू. तेव्हाही कुणाला हिशेब देणार नाही.

तुझ्या मुलाचे गणित वेगळे असू शकते. तू खाजगी शाळा निवडलीस तर मला स्पष्टीकरण देऊ नकोस. निवडण्याआधी मात्र दोन्हीकडचा पहिलीचा वर्ग मुले बसलेली असताना पाहा. इथे उन्हामुळे शाळा तुमच्यासारखी जूनच्या मध्यात न उघडता महिनाअखेरीला उघडते, तेव्हा उन्हाळी सुट्टी लागण्याआधीच एक चक्कर मार. आता सकाळची शाळा आहे, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामाला ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना बाकावरचा सोबती