सही आधी, तपासणी नंतर

महोदय,

सरकारी खरेदीतला घोळ म्हटला की सगळ्यांची नजर निविदेवर जाते. मी भांडारपाल म्हणून निवृत्त झालो. माझ्या मते खरी गळती निविदेच्या आधी आणि नंतर असते. 2016 मध्ये केंद्राचे जेम हे सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल आले. त्याच वर्षी 1 डिसेंबरला राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची सविस्तर नियमपुस्तिका काढली. नियमांची वाण नाही. पण मागणीपत्रातले तपशीलच एखाद्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून उतरवले असतील, तर ऑनलाइन स्पर्धा कसली डोंबलाची?

नंतरचे तर विचारूच नका. एका 30 मार्चला आमच्याकडे लोखंडी कपाटे उतरली. देयक दुसऱ्याच दिवशी कोषागारात जायचे होते. म्हणून साठा नोंदवहीत ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे लिहून आधी सही झाली, खोक्यांचे पुठ्ठे नंतर फाडले. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तरी दार आत जाई. सही माझीच होती, हेही कबूल करतो.

मंजूर नमुना सीलबंद करून ठेवावा आणि आलेल्या मालाचे वजन, पत्र्याची जाडी त्या नमुन्याशी ताडून पाहावी, तीही वापरणाऱ्या शाखेतल्या माणसांसमोर. जाडी मोजायचे साधन काही महाग नसते. आणि खरेदी डिसेंबरपर्यंत उरकली, तर खराब माल परत पाठवायलाही हाताशी वेळ राहतो.

– एक निवृत्त भांडारपाल, सातारा