कारखान्यातला जुना कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या अक्कास

चि. अक्कास,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे तुला अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणतो, नाहीतर वयानं तू माझ्या धाकट्या मुलीएवढी. हे पत्र तुझ्या वडिलांजवळ दिलं असतं तर ते खिशात ठेवून विसरले असते. म्हणून उघडच लिहितोय. शिवाय आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कितीतरी कारखान्यांत ऑफिसच्या कोपऱ्यात असाच एखादा जुना डबा बसलेला असतो. तिथल्या दिवाणजींच्याही हे कामी येईल.

आमची अडचण तुला माहीतच आहे. हार्ड डिस्क बदलली आणि तिच्याबरोबर जुनं एक्सेल गेलं. त्याची सीडी कुणालाच सापडेना. विणकरांची नगावरची मजुरी, उचल, सुट्ट्या, सगळं त्यातच असायचं. आठवड्याचा पगार तर थांबत नाही, म्हणून पुन्हा लाल वही काढली. दुरुस्तीच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "भंगारात घाला, नवीन घ्या." दुसऱ्या एकानं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं एक्सेल अगदी स्वस्तात टाकून देतो म्हणून सांगितलं. मालकांना ते पटलंही होतं. तू मात्र सरळ म्हणालीस, "काका, त्यातून काय काय आत येईल ते कळणारही नाही. फुकटच पाहिजे तर खरोखर फुकट असलेलं टाकू." आणि लिब्रे ऑफिसचं नाव घेतलंस. 2010 साली ओपन ऑफिस या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं, ज्याला लायसन्सचे पैसेच नाहीत असं. मला तोवर वाटायचं, हिशेबाचा तक्ता म्हणजे एक्सेलच.

त्या दिवशी तुमच्याकडे नळाला पाणी यायची पाळी होती, तरी तू आलीस. सोलापुरात राहणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको.

आल्या आल्या तू की-बोर्डला हात लावला नाहीस. आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलंस. तारीख कित्येक वर्षं मागची. इंटरनेटवर कुठलीच साइट धड का उघडत नव्हती त्याचं उत्तर तिथंच होतं. कॉम्प्युटरची तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं त्याला मुदतीबाहेरची वाटतात आणि तो दारातूनच परत पाठवतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. सीआर2032, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. तो बदलायला झाकण काढलंस तर आत सुताचा बारीक कचरा एवढा, की लहान बाळाची उशी भरली असती. पंखा दिसतच नव्हता. तू रंगकामाच्या ब्रशनं तो हलक्या हातानं काढत होतीस आणि मी बघत होतो. आपल्या धंद्यात मागाची साफसफाई रोज होते, ऑफिसातल्या मशीनची कुणी करत नाही.

मग खरी गंमत सुरू झाली. नवं सॉफ्टवेअर चढेचना. "या प्रोसेसरला चालत नाही" अशा अर्थाचा निरोप यायचा. तू कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीज उघडून दाखवलंस: विंडोज 7, 32 बिट, रॅम 2 जीबी. आपण चढवत होतो 64 बिटचं, ते 32 बिटच्या विंडोजवर बसतच नाही. शिवाय लिब्रे ऑफिस 25.8 पासून विंडोज 7 वर चालतच नाही, हेही तूच सांगितलंस. मग त्यांच्याच साइटवरच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून 7.6 ची 32 बिटवाली फाईल तू तुझ्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हवर आणलीस.

ती चढवायला घेतली तर नवीन अडथळा. एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा लांबलचक नावाची डीएलएल फाईल, म्हणजे सॉफ्टवेअरला चालायला लागणारा विंडोजमधला एक तुकडा, नाही म्हणे. इथं मला तुझं खरं कौतुक वाटलं. तो निरोप तू सावकाश, अक्षर न् अक्षर वाचलास आणि कागदावर उतरवून घेतलास. आमच्याकडे अशी चौकट आली की लोक न वाचताच ओके दाबतात. मालकांचा भाचा तर म्हणाला, "ती फाईल नेटवर सुटी मिळते, टाकून दे." तू ऐकलं नाहीस. कुठल्यातरी साइटवरची सुटी डीएलएल म्हणजे रस्त्यात पडलेली गोळी उचलून खाणं, असं त्याला तोंडावर सांगितलंस. मग तीच फाईल विंडोजमध्ये बसवणारा मायक्रोसॉफ्टचाच केबी2999226 हा अपडेट टाकलास. तो बसायला विंडोज 7 चा सर्व्हिस पॅक 1 हा मोठा अपडेट लागतो, आणि तो आमच्याकडे आधीच होता हे नशीब. त्यानंतर इन्स्टॉलेशन मुकाट्यानं पुढं सरकलं. चढवताना कस्टम निवडून बेस हा डेटाबेसचा भाग आणि नको त्या भाषांचे शब्दकोश वगळलेस. जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर लागेल का विचारलं, तर हिशेबाच्या तक्त्याला त्याची गरज नाही म्हणालीस. उघडल्यावर खिडकीत काळे ठिगळ दिसत होते, ते ऑप्शन्समधल्या व्ह्यूमध्ये जाऊन स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंगवर टाकल्यावर गेले. तिथं काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण ठिगळ गेले.

बॅकअपमधल्या जुन्या फाईल उघडल्या तेव्हा मात्र माझं अवसान गळालं. विणकरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि तो फॉन्ट हार्ड डिस्कबरोबर गेलेला. बॅकअपमध्येच फॉन्टची फाईल सापडली, टाकल्यावर नावं दिसू लागली. तेवढ्यावर मी खूश होतो. पण तू म्हणालीस, दिसतात मराठी, आत मात्र ती इंग्रजीच आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतं तसल्या आताच्या मराठीत शोधलं तर सापडणार नाहीत. म्हणून सगळी नावं नव्यानं टाइप करायची. आणि ती तू केली नाहीस, मला करायला लावलीस! आपल्याकडच्या तेलुगू आडनावांतले ते "ल्ल" आणि "ड्डी" जोडताना माझ्या बोटांचे हाल झाले, तू शेजारी बसून हसत होतीस. आता सम-इफ हे नावानुसार बेरीज करणारं सूत्र लावलं की एकेका माणसाची आठवड्याची मजुरी आणि उचल वेगवेगळी निघते. पूर्वी मी हे कॅल्क्युलेटरवर दोनदा करायचो.

फाईल आपोआप एक्सेलच्या पद्धतीनं सेव्ह व्हावी ही सोयही करून गेलीस, त्यामुळे सीए साहेबांच्या ऑफिसात ती बिनबोभाट उघडते. आणि जाताना इंटरनेटची वायर काढून ठेवलीस. विंडोज 7 ची मायक्रोसॉफ्टची नेहमीची मदत 14 जानेवारी 2020 ला संपली आहे, तेव्हा हे मशीन फक्त हिशेबाला, ईमेल मोबाईलवरून. मालक एकदा कुरकुरले, मी वायर परत लावू दिली नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायचं तू विचारलं होतंस. मी नको म्हणालो. या वयात एका वेळी एकच नवीन.

पैसे घेतले नाहीस, त्यावर मी वाद घालत बसत नाही. काकूनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्या आहेत, त्या तुझ्या वडिलांबरोबर पाठवतो. तुझा पेन ड्राइव्हही त्याच पिशवीत आहे, त्यातली 7.6 ची फाईल पुसू नकोस. शेजारच्या कारखान्यातले दिवाणजी परवा येऊन बघून गेले, त्यांचा कॉम्प्युटर आमच्यापेक्षाही जुना आहे. परीक्षा झाली की त्यांच्याकडे जाशील का ते कळव. त्यांना मी सेल आणून ठेवायला सांगितलंय.

तुझा,
कारखान्यातला दिवाणजी काका
सोलापूर