अविनाशला, नंदूच्या चालीबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे आणि माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, तेव्हा प्रकृतीचे एवढेच. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगून कळणार नाही. आपल्या तिघांतल्या नंदूने बांधलेल्या त्या बिनशब्दांच्या चालीला शब्द मिळाले.

येऊरला गीतलेखनाची निवासी कार्यशाळा होती, तिला गेलो होतो. शिकवणाऱ्या बाईंचा पहिला दंडक असा की ओळ वाचून दाखवायची नाही, हाताने ठेका धरून गाऊन दाखवायची. कागदावर देखण्या वाटणाऱ्या कितीतरी ओळी तिथेच गळून पडत. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरणही त्यांनी आम्हांला आधी टाळ्यांवर म्हणायला लावले, आणि चौथा चरण आखूड असल्यामुळे उरलेल्या जागेत गाणाऱ्याला दम कसा घेता येतो ते दाखवले, तेव्हा शाळेत पाठ केलेले ते वृत्त मला पहिल्यांदा ऐकू आले. बंगला जंगलाला लागून असल्यामुळे रात्री आवाज करायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून अंधार पडल्यावर सगळे आपापल्या कोपऱ्यात ओठांतल्या ओठांत गुणगुणत बसत.

मग एके दिवशी शब्द नसलेल्या चालीवर लिहायला सांगितले. माझ्या मनात दुसरी चाल आलीच नाही. तीच ती दादऱ्याच्या सहा मात्रांतली, खालीवरून म्हणजे चौथ्या मात्रेवरून मुखडा उचलणारी, जिच्यात तू दर वेळी लय चढवायचास आणि नंदू पेटीचा भाता धरून तुझ्याकडे नुसता बघत बसायचा. (लय तूच चढवायचास, हे मी आजही म्हणतो.) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येण्याआधी तिथे तीनच मात्रा मिळतात. बाई म्हणाल्या, त्या तीन मात्रांत हाक घाला आणि नाव समेवर येऊ द्या. तेवढ्याने मुखडा जागेवर बसला. अंतऱ्यात चाल तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जाऊन थांबते, तिथे मी ‘प्रतीक्षा’ लिहिले होते. त्यातल्या ‘ती’वर सूर लांबवताना गाणाऱ्या मुलीचा गळा आवळल्यासारखा होई. शब्द बदलून ‘वाट’ केला, त्यातला ‘वा’ त्या सुरावर ठेवला, आणि आवाज असा मोकळा लागला की खोलीतले सगळे गप्प झाले. शब्द आधी की चाल आधी, या आपल्या जुन्या भांडणात मी अजूनही शब्दांच्याच बाजूचा आहे. पण ही चाल आधी होती म्हणूनच हे शब्द सुचले, हेही तितकेच खरे.

आता काळजीची गोष्ट. कार्यशाळेतल्या एका संगीतकाराला हे गाणे ध्वनिमुद्रित करायचे आहे. शेवटी हक्कांविषयी एक व्याख्यान झाले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती असते, दोन्ही वेगळ्या, आणि कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. त्यासाठी नोंदणी केलेलीच असावी लागते असेही नाही. म्हणजे नंदूने वहीत स्वरलिपी लिहून ठेवली तेव्हापासून ती चाल त्याची आहे, मग त्याने पेटी विकली असो वा नसो. व्याख्यान ऐकताना मला सारखी ती स्पर्धा आठवत होती. बक्षीस जाहीर झाले, तुझे नाव झाले, माझे झाले, आणि निवेदकाने संगीतकाराचे नाव घेतलेच नाही. आपण दोघे तिथेच उभे होतो. त्यानंतर नंदू आपल्यातून जो निघून गेला, तो परत आलाच नाही. आपल्याच ठाण्यात राहिलेल्या गीतकार पी. सावळारामांचे नाव निघाले की संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर ही नावेही आपोआप येतात, तिघे एकत्रच आठवतात. त्या संध्याकाळी आपले तिसरे नाव मात्र गळले, ही गोष्ट मला अजून सलते.

म्हणून माझा निश्चय असा की त्याचे नाव आणि त्याची परवानगी असल्याशिवाय हे गाणे कुठेही जाणार नाही. संगीतकाराला मी थांबायला सांगितले आहे. तो म्हणतो की दोन-चार स्वर फिरवले की चाल नवी होईल. मला ते मान्य नाही, कारण मग ती नंदूची राहणार नाही आणि माझे शब्द तर नंदूच्याच चालीला सुचले आहेत. पण त्याला विचारायचे कुणी? माझा फोन तो उचलत नाही. तुझा उचलेल असे मला वाटते, कारण तुझ्यावर तो कधी चिडलाच नव्हता. माझ्याकडे शब्द होते म्हणून माझ्यावर चिडला असेल, कुणास ठाऊक.

तुझ्या बदलीचे कळले, नाशिक मानवेल तुला. मुलीच्या दहावीच्या निकालाचे अभिनंदन; ती तबला शिकते आहे ना अजून?

तेवढे कर, अविनाश. फोनवर गाणे ऐकवू नकोस, आधी नुसते विचार, आणि नाही म्हणाला तर गळ घालू नकोस. हो म्हणाला, तर नाव नंदू असे लिहायचे की पूर्ण, हे त्यालाच विचार आणि मला कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत